तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

पाचव्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला सगळी इमारत लिफ्टवाला म्हणते. तो लिफ्ट चालवत नाही. लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणजे पूर्वी करायचा. आता तो घरी बसून दोन मुलं सांभाळतो. 'बसून' हा शब्द मी सवयीने लिहिला. त्याला बसलेला मी फारसा पाहिलेला नाही. या दोन कामांत फरक काय, असं मी त्याला एकदा विचारलं, तेव्हा त्याने बराच विचार करून उत्तर दिलं, "लिफ्टला मेन स्विच असतो, काका."

हे सांगताना त्याच्या शर्टाची शिवण बाहेरच्या बाजूला होती, कानामागे भाताचं शीत होतं आणि खांद्यावर त्याचा दीड वर्षांचा मुलगा पोत्यासारखा उलटा लटकून त्याच्या खिशातली लाळपुसणी ओढून काढत होता. हा मुलगा रांगलाच नाही. एके दिवशी उभा राहिला आणि समोर जे येईल ते ढकलत निघाला. त्याला आम्ही बुलडोझर म्हणतो. त्याची थोरली बहीण चार वर्षांची; तिचं नाव हेडबाई. ती बोलते तेव्हा समोरच्याला आपले बूट पॉलिश केलेले आहेत ना, हे बघावंसं वाटतं.

मुलांची आई नर्स आहे. तिला सगळे सिस्टर म्हणतात, तिचा नवराही. दुसरं मूल झालं तेव्हा दोघांपैकी एकाने घरी राहायचं ठरलं. सिस्टरची नोकरी पक्की, याची कंत्राटावरची. तेव्हा लिफ्टवाला आमच्याकडे चहाला बसून छाती पुढे काढून म्हणाला होता, "मी बघतो की घर. दोन पोरं म्हणजे काय वीस मजल्यांचा टॉवर आहे?" आमच्या हिला त्या वेळी चहाचा ठसका लागला. अनुभवी माणसं अशा वेळी गप्प बसतात आणि पुढचं पाहायला जागेवर राहतात.

माणूस हाडाचा कारागीर. कामावर होता तेव्हा जिन्यातून शिट्टी वाजवत उतरायचा, कारण त्याच्या मते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने तिच्यातून उतरणं म्हणजे डॉक्टरने आपलंच औषध पिण्यासारखं होतं. घरीही त्याने तोच खाक्या ठेवला. बाटल्या उकळायचं यंत्रासारखं वेळापत्रक केलं, कपाटांना खिट्या ठोकल्या, एकदा हेडबाई परस्पर फिरायला निघाली तेव्हा मुख्य दाराचं लॅच काढून पार वर बसवलं. सगळं ठाकठीक झालं. फक्त झोप बसेना.

अडचण अशी की ती दोन मुलं कधी एका वेळी झोपली नाहीत. त्याचा सिद्धांत त्याने मला जिन्यात समजावून सांगितला. "लिफ्टच्या मागे एक वजन असतं बघा. पेटी खाली आली की वजन वर जातं. ही दोघं तशी जोडलेली आहेत. हा खाली झोपला की ती वर उठते. ती झोपली की हा. मी पुष्कळ शोधला, दोर कुठे बांधलाय तो सापडत नाही."

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मग हळूहळू तो हसेनासा झाला. मुलीचे केस तो दात घासायच्या ब्रशने विंचरताना दिसला, तेव्हा हेडबाईच म्हणाली, "बाबा, हे दातांचं आहे," आणि त्याने गुपचूप दुसरा ब्रश घेतला. सिस्टरचा दवाखान्यातून फोन आला की तो झोपाळलेल्या आवाजात म्हणायचा, "हॅलो, कोणत्या मजल्यावर अडकलात?" एका सकाळी त्याने आमची बेल वाजवली. हिने दार उघडलं, तर हा नुसता उभा. कडेवर बुलडोझर, त्याच्या दोन्ही हातांत बूट घातलेले, पाय उघडे.

"काय हवंय रे? साखर?"

"नाही."

"मीठ?"

"काकू, मी कशाला आलो होतो?" असं म्हणून तो आमच्या उंबऱ्याशी पायरीवरच बसला. ही सांगत होती, त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. बुलडोझर एका बुटाने त्याच्या डोक्यावर ठोकत होता, तेही नाही.

इमारतीतल्या पुरुषांना मात्र त्याचा हेवा वाटायचा. "मजा आहे बुवा तुझी. आम्ही चाललो घाण्याला, तू आता दुपारी मस्त ताणून देणार." तो हसायचा. चेहऱ्यावर हसू चिकटवायला सुद्धा ताकद लागते. तो ते कडेने दाबून दाबून बसवायचा.

त्याच सुमारास आमची लिफ्ट संध्याकाळची अडकायला लागली.

आमची लिफ्ट म्हणजे एक लाकडी कपाट आहे. पुढे जाळीचा सरकता दरवाजा, आत पिवळा दिवा, कोपऱ्यात कोण्या काळच्या लिफ्टमनचं लाकडी स्टूल, आणि बटणांच्या खाली एक लाल बटण. ते दाबलं की लिफ्ट असेल तिथे थांबते, ओढलं की निघते. एरवी म्हातारी असली तरी इमानी. आता मात्र सिस्टर कामावरून घरी आली की थोड्या वेळात लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबायची, काही वेळ तिथेच मुक्काम करायची आणि मग आपण होऊन निघायची. सगळ्यांत जास्त हाल सेक्रेटरींचे. ते इमारतीचा कारभार पाहतात, राहतात सहाव्या मजल्यावर आणि देहाने तिघांच्या तोडीचे आहेत. त्यांनी साहजिकच लिफ्टवाल्याला गाठलं.

"बघ रे जरा, घरचाच माणूस तू."

लिफ्टवाल्याने बटणांमागच्या विजेच्या डब्याचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, हुं हुं केलं. "रिले चिकटतोय, आतला स्विच. जुना आहे. आपोआप सुटेल."

आणि खरोखरच सुटायचा. सेक्रेटरी धापा टाकत सगळ्यांना सांगायचे, "माणूस हुशार. बोलला तसंच होतं."

एका संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो, तर लिफ्ट घोरत होती. माझ्या आयुष्यात मी अनेकांना घोरताना ऐकलं आहे, त्यांत दोन न्यायाधीश होते. पण लिफ्ट प्रथमच. जाळीतून वर पाहिलं. पेटी डोक्याच्या वर अडकलेली, तिच्या जाळीच्या तळाशी दोन चपला, आणि त्यांतल्या एकीवर पिवळं बदक चिकटवलेलं. ते बदक हेडबाईने सगळ्या घराला चिकटवलं होतं. माझ्या चष्म्याच्या घरालाही एक आहे. मी पिशवी खाली ठेवली, ती वाजली. घोरणं थांबलं. लिफ्ट कुरकुरली आणि अपराध्यासारखी वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटला. बुलडोझर दोरीला बांधलेल्या पंच्याशी झुंजत होता.

"काल लिफ्ट घोरत होती," मी म्हणालो.

त्याने एक एवढासा मोजा नीट चिमट्यात धरला. "रिले चिकटला की येतो तसा आवाज."

"रिले बदकाच्या चपला घालतो का?"

मोजा हातातच राहिला. त्याने बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला.

"काका, कुणाला सांगू नका. मी कचरा टाकायला म्हणून निघतो. सिस्टर असते ना घरी, पोरं तिच्यापाशी असतात. पिशवी टाकतो आणि वर येताना... थोडाच वेळ."

"अरे, पण बायको घरी आलेली असते तर घरातच झोप की."

"तिला काय सांगू? ती दिवसभर उभी असते. तिच्यासमोर माणसं मरतात. ती दारातून आत आली की मी म्हणू, मी दमलो? कशाने? घरीच तर होतो." 'घरीच तर होतो' हे शब्द त्याने इमारतीतल्या सगळ्या पुरुषांच्या आवाजात म्हटले. "आणि घरात झोप येतच नाही. माझी पाठ टेकली की याच्या डोक्यात घंटा वाजते. नाही वाजली तर मीच उठतो, का नाही वाजली ते बघायला. दोन मजल्यांच्या मधे कसं, कुणी दारच वाजवू शकत नाही. ते घर नाही, बाहेरही नाही. तिथे असलो की मी कुठेच नसतो. तेवढा वेळ कुठेच नसलं की मग रात्र काढता येते."

"आमच्याकडे आणून सोड दोघांना दुपारी."

"नको काका. तुमचं लिहिणं असतं."

त्याने नको म्हटलं आणि मी लगेच मानलं. दुसऱ्याचं म्हणणं इतक्या तत्परतेने मी क्वचितच मानतो.

"बाबा," हेडबाई टाकीमागून येत म्हणाल्या, "बादली बसायला नसते."

तो उठला.

मग सिस्टरच्या वॉर्डात माणसं कमी पडली. तिची ड्यूटी लांबत गेली. ती यायची ती बुटांसकट कोचावर आडवी व्हायची आणि बुलडोझरला पोटावर घेऊन दोघंही तसेच झोपायचे. तिला हलवायचं कोण? लिफ्टवाल्याचं कचरा टाकणं बंद झालं. लिफ्ट आता सरळ धावू लागली आणि तो माणूस मात्र दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा दिसू लागला. गुडघाभर पाण्यातून चालावं तसा चालायचा. बाजारातून येताना हेडबाई त्याच्या शर्टाचं टोक धरून पुढे असायची आणि पायऱ्या आल्या की सांगायची, "पायरी, बाबा." एकदा मी त्याला विचारलं, बरं आहे ना? तर म्हणाला, "हो हो, सुटेल आपोआप."

सेक्रेटरींनी दरम्यान एक चांगलं काम करून ठेवलं होतं. लिफ्ट सुधारली हे त्यांना खरं वाटेना. पुन्हा अडकली तर आपलं काय, या धास्तीने त्यांनी कंपनीला कळवून टाकलं. लिफ्टवाल्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला सांगितलं नाही. चांगुलपणा असा सहाव्या मजल्यावरून खाली पडला की कुणाच्या तरी डोक्यात बसतोच.

कंपनीचा माणूस यायचा त्या दुपारी समोरच्या घरात ती गोष्ट घडली जी कधी घडत नव्हती. दोन्ही मुलं एकदम झोपली. पुढे त्याने मला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आधी विश्वासच बसेना, मी दोघांच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. दोघांच्या मधे त्याने फोन ठेवला होता. त्यातून पंख्याची घरघर लावली की बुलडोझरला बरं वाटतं. मग तो फरशीवरच आडवा झाला. डोळे मिटले आणि छाती धडधडायला लागली. आता उठतील. आता उठतील. धुवायच्या कपड्यांचा ढीग कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होता. दाराशी लंगोटांची पिशवी वास मारत होती. त्याला वाटलं, पिशवी टाकून यावी. उंबरा ओलांडेपर्यंत हेच वाटत होतं, असं तो सांगतो. पण तो जिन्याने उतरला नाही. दार ओढून घेतलं, लॅच लागलं, आणि तो लिफ्टमध्ये शिरला. येताना दोन मिनिटं. फक्त डोळे मिटायचे. लाल बटण.

कंपनीचा माणूस थोड्याच वेळात आला. हा लिफ्टवाल्याचा जुना जोडीदार; दोघांनी बरोबर शिडी धरलेली. लिफ्ट बोलावली तर येईना. सेक्रेटरींनी विजयी मुद्रेने म्हटलं, "बघा." दोघं जिन्याने गच्चीवर गेले. काम सुरू करण्याआधी लिफ्टच्या उभ्या भुयारात तोंड घालून ओरडायचं हा नियम, म्हणून जोडीदार ओरडला, "आत कोणी आहे का?" पुन्हा ओरडला. बुलडोझरने कूस बदलली तर जागा होणारा तो माणूस दोन आरोळ्यांना उठला नाही. जोडीदाराने मेन काढला.

मी टेबलाशी होतो. समोरून बुलडोझरचं रडणं सुरू झालं. त्यात विशेष काही नव्हतं. मी कानात कापूस घालून लिहायला शिकलो आहे. पण आमची ही स्वयंपाकघरातून आली आणि उभी राहिली.

"ऐकतोयस का?"

"रडतोय तो. रोज रडतो."

"रोज तो रडला की पाठोपाठ 'आलो, आलो, आलो' असं येतं. आज कुणी आलो म्हणत नाहीये."

मी कानातला कापूस काढला. खरंच. नुसतं रडणं. त्याला उत्तर नव्हतं.

हिने बेल वाजवली, मग दार.

"कोण आहे?" हेडबाई.

"मी काकू. बाबांना दार उघडायला सांग, बाळा."

"बाबा कचरा टाकायला गेलेत. दाराशी पिशवी नाहीये."

"कधी गेले?"

"मला घड्याळ येत नाही."

"तू वरचं लॅच काढशील? नको, नको. राहू दे. काही करू नकोस. तो का रडतोय?"

"त्याला बाबा हवेत. मी सांगितलं त्याला, बाबांना वेळ लागतो. कचरा टाकून आले की बाबा चांगले असतात." मग जरा थांबून, "संध्याकाळी या तुम्ही."

हिने माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात लिफ्टच्या भुयारातून असा आवाज आला की पाचव्या मजल्यावरचा कठडा थरथरला. कोणीतरी जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवत होतं. मी धावत चौथ्या मजल्यावर गेलो. माझं धावणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं आहे ते हसतील. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पेटी अर्धी खाली होती. चौथ्या मजल्याच्या फरशीवर मी पालथा पडलो, तेव्हा कुठे फटीतून त्याचा चेहरा दिसला. आत अंधार. जाळीतून त्याची बोटं बाहेर आलेली.

"काका, मेन कुणी काढला? वर ओरडा, मेन टाका म्हणा. नाही, थांबा. आधी किल्ली घ्या. घरात बादली आहे. बाथरूममध्ये. कपडे भिजवलेत, काठोकाठ आहे. दार लावलं का ते आठवत नाही. काका, मला आठवतच नाही."

"लावलं असशील रे."

"आठवत नाही म्हणतोय ना."

आणि वर रडणं थांबलं.

कितीतरी महिने मी टेबलाशी बसून हीच शांतता मागत होतो. ती आली तेव्हा मला ती नको होती. खाली त्याने श्वास धरला होता. त्याने दोन्ही हात जाळीवर ठेवले आणि डोकं त्यांच्यावर टेकलं, पण लगेच उचललं.

"किल्ली," तो म्हणाला. हात जाळीतून बाहेर काढला. मी हात खाली घातला. माझ्या पोटाने मला फरशीपासून उंच धरलं होतं, बोटं पोचेनात. त्याचा हात असा कापत होता की किल्ल्या वाजत होत्या.

"हात हलवू नकोस, पडली तर थेट तळाला जाईल."

"हलवत नाहीये, काका. तोच हलतोय."

मग त्याने हात आत घेतला. मला वाटलं खचला. पण त्याने चप्पल काढली, बदकाची, तिच्या टोकावर किल्ली ठेवली आणि चप्पल हळूच बाहेर सरकवली, पूजेचं ताट पुढे करावं तशी. मी बदकावरून किल्ली उचलली. उठलो. जिन्यात ही धावत खाली आली होती, तिने माझ्या हातातून किल्ली हिसकावली आणि परत वर गेली. तिच्या मागून मी.

दार उघडलं. बाथरूमचं दार बंद होतं. नुसतं बंद नाही, बाहेरून कडी, आणि कडीपुढे स्टूल सरकवून ठेवलेलं, स्टुलावर वरवंट्याएवढा साबणाच्या पावडरचा डबा. हे सगळं त्याने केलं होतं. त्याच्या हातांनी केलं होतं, आणि त्याच्या डोक्याला कळवायचं राहून गेलं होतं.

आतल्या खोलीत फरशीवर हेडबाई मांडी घालून बसली होती. बुलडोझर तिच्या मांडीवर डोकं ठेवून, ओल्या गालांनी, तिच्या फ्रॉकची गुंडी चोखत होता. ती त्याच्या पाठीवर थापटत म्हणत होती, "आलो, आलो, आलो." अगदी त्याच आवाजात.

मी परत जिन्यात गेलो आणि भुयारात ओरडलो, "दार लावलेलं होतं. दोघं ठीक आहेत." खालून एक आवाज यायला लागला. आधी मला वाटलं घोरतोय. तो रडत होता. त्या लोखंडी भुयारातून ते रडणं तळापासून गच्चीपर्यंत गेलं. दारं उघडली, 'मजा आहे बुवा' म्हणणारी डोकी बाहेर आली आणि आत गेली.

मेन टाकला गेला. लिफ्ट पाचव्यावर आली. तो एका पायात चप्पल घालून बाहेर पडला आणि सरळ घरात गेला. गच्चीवरून उतरलेला जोडीदार आत डोकावला, लाल बटण पाहिलं, स्टूल पाहिलं. "आत झोपला होतास? मी दोनदा ओरडलो रे," असं तो रिकाम्या लिफ्टला म्हणाला.

सेक्रेटरींच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "म्हणजे इतके दिवस हा..."

"सेक्रेटरी," आमची ही म्हणाली, "जिने चढून तुमची ढेरी उतरली आहे, चेहरा चांगला दिसायला लागलाय. आता घरी जा."

सिस्टरला हिनेच फोन केला होता. ती गणवेशातच आली. लिफ्टवाल्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, एका दमात. पोरांना एकटं टाकून गेलो. झोपायला गेलो. ती आधी बाथरूमपाशी गेली, कडी पाहिली, स्टूल पाहिलं, बादलीतलं पाणी ओतून दिलं. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते.

"मला का नाही बोललास?"

"तू दिवसभर उभी असतेस."

"आमच्याकडे एखादीची ड्यूटीवर ड्यूटी झाली, हात कापायला लागले, की तिला आम्ही सुई धरू देत नाही. सरळ घरी पाठवतो." ती त्याच्या हातांकडे बघत होती. ते अजून कापत होते. "तुला कुठे पाठवू? तू घरीच आहेस."

बुलडोझरने सुद्धा ढकलायचं थांबवलं.

"समोर पाठव," आमची ही म्हणाली. "आमच्या आतल्या खोलीत. उद्यापासून दुपारी तो तिकडे झोपेल आणि आम्ही इकडे पोरांपाशी बसू." 'आम्ही' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती.

पहिल्या दुपारी तो झोपला नाही. ही पाहायला गेली तर पलंगाच्या कडेला बसून भिंतीला कान लावून होता. "रडतोय का तो? आत्ता काहीतरी पडलं ना?" तिने पडदे ओढले, त्याचे पाय उचलून वर ठेवले आणि म्हणाली, "गप पड. इथे तू कुठेच नाहीस." गच्चीवरचं ते बोलणं मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायको 'कुणाला'मध्ये धरत नाहीत. तो पडून राहिला. संध्याकाळी उठून गेला तेव्हा उशीवर डोक्याचा खळगाही पडलेला नव्हता. पुढच्या दुपारीही तेच. नंतरच्या दुपारी सिस्टर लवकर सुटून आली, तर तो असा झोपला होता की तिने घाबरून आधी त्याची नाडी पाहिली. मग ती मनगट हातात धरून तशीच पलंगाशी खाली बसली आणि तिलाही तिथेच झोप लागली.

हे मला हिने सांगितलं. मी तिकडे जाऊ शकत नव्हतो. मी समोरच्या घरात होतो. बुलडोझरने माझ्या चष्म्याची एक काडी वेगळी केली होती आणि दुसरीवर काम चालू होतं. हेडबाईने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, कारण मी गोष्ट चुकीची सांगितली. मी बसलो तर 'उभं राहा', उभा राहिलो तर 'वाकडे उभे आहात'. मी फरशीवर पाठ टेकली, म्हटलं एक क्षण. त्या क्षणी बुलडोझर माझ्या पोटावर चढला आणि खिडकीकडे जायला तोच रस्ता जवळचा आहे असं त्याने ठरवलं. माझ्या हातापायांत कापूस भरल्यासारखं झालं. डोळ्यांच्या मागे काहीतरी जड सरकत होतं. आणि हे फक्त दुपारचं होतं.

स्वयंपाकघरातून ही आली तेव्हा मी दाराशी पोचलो होतो.

"कुठे?"

"कचरा टाकून येतो."

तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिच्यात केळ्याचं एक साल होतं. बुलडोझरला उचलून तिने मला वाट दिली.

मी लिफ्टमध्ये शिरलो, जाळी ओढली, स्टुलावर बसलो. तळमजल्याचं बटण दाबलं आणि खाली हात नेला. लाल बटण नव्हतं. जोडीदार जाताना ते काढून घेऊन गेला होता; तिथे आता चार स्क्रूंनी बसवलेला गुळगुळीत पत्रा होता. मी त्यावर बोट ठेवून राहिलो. चौथा मजला गेला. मग तो मधला भाग आला, नुसती खरखरीत भिंत, ना दार ना दिवा, आणि मी डोळे मिटेपर्यंत तीही वर निघून गेली. आमची लिफ्ट इतक्या लवकर खाली पोचते, हे मला ठाऊकच नव्हतं.